मनाच्या जखमेची फेरतपासणी

युद्धात पाय गमावलेल्या सैनिकाला पेन्शन द्यायची तर पाय किती गेला हे मोजता येते. घोट्याखाली, गुडघ्याखाली की मांडीपासून, एवढे पाहिले की तक्त्यात टक्केवारीचा आकडा सापडतो. दहा वर्षांनी तो आकडा बदलण्याचे कारण नसते, कारण तुटलेला पाय पुन्हा उगवत नाही. पण ज्या सैनिकाचे हातपाय शाबूत आहेत आणि तरीही जो रात्री दचकून उठतो, मोठा आवाज होताच जमिनीवर आडवा होतो, चार माणसांत बसू शकत नाही, कोणत्याही नोकरीत टिकत नाही, त्याचे अपंगत्व किती टक्के मानायचे? आज ते जेवढे आहे तेवढेच पाच वर्षांनी असेल काय? आणि आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा डॉक्टरांपुढे उभे करावे काय?

शंभर वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या देशांच्या सरकारांनी या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांत वैद्यकशास्त्र, कायदा आणि सरकारी तिजोरी यांची ओढाताण दिसते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा इतिहास पाहण्याजोगा आहे, कारण त्याच्या मुळाशी मापनाचा प्रश्न आहे. प्रत्यक्ष न दिसणारी, सतत कमीजास्त होणारी गोष्ट कशी मोजावी, कितीदा मोजावी, आणि मोजण्यात चूक झाली तर तिची किंमत कोणी मोजावी?

आगगाडीपासून खंदकापर्यंत

या वादाची सुरुवात रणांगणावर न होता रेल्वेमार्गावर झाली. एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या अपघातातून वरवर धडधाकट वाचलेली माणसे पुढे महिनोन्‌महिने थरथर, निद्रानाश, विस्मरण अशा तक्रारी घेऊन भरपाई मागू लागली. जर्मनीत १८८४ साली कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा झाला. १८८९ मध्ये बर्लिनचे चेतातज्ज्ञ हेर्मान ओपेनहाइम यांनी या तक्रारींना ‘आघातजन्य मज्जाविकृती’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्याच वर्षी जर्मनीच्या विमा कार्यालयाने तिला भरपाईयोग्य मानले. अशा माणसाला खरोखर इजा झाली आहे, की भरपाईच्या आशेने तो आजारी राहतो, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

सैनिकांच्या मनावर होणारा परिणामही अगदीच अपरिचित नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि दम लागणे यांवर जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली लेख लिहिला होता. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीनेही इंग्रजी भाषेला याच संदर्भात एक शब्द दिला आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिने काढत. कंटाळ्याने, तापाने त्यांतले काही भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्याला शिपाई ‘डूलॅली टॅप’ म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. वेडसर या अर्थाने ‘डूलॅली’ हा शब्द इंग्लंडमध्ये आजही वापरतात. पण थट्टेचा शब्द असणे वेगळे आणि पेन्शनच्या कागदावर निदान असणे वेगळे.

शेल शॉक आणि टक्केवारी

फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात चार्ल्स मायर्स यांनी तीन ब्रिटिश सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. जवळच तोफगोळे फुटल्यानंतर त्यांची दृष्टी, वास, चव आणि स्मृती यांवर परिणाम झाला होता, पण शरीरावर त्या प्रमाणात जखमा नव्हत्या. लेखाच्या शीर्षकात ‘शेल शॉक’ हा शब्द होता आणि तो लवकरच सर्वतोमुखी झाला.

लष्कराला निदानाइतकीच वर्गवारीची चिंता होती. काही काळ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. शत्रूच्या गोळ्याशी थेट संबंध असेल तर तो सैनिक ‘जखमी’, नसेल तर ‘आजारी’. जखमी ठरलेल्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई आणि पेन्शनचा हक्कही मिळे. आजारी ठरलेल्याला तो मान नव्हता. म्हणजे एका अक्षराच्या शेऱ्यावर माणसाची पुढची अनेक वर्षे अवलंबून होती. १९१७ च्या जून महिन्यात तर ‘शेल शॉक’ हा शब्दच कागदपत्रांत वापरायला बंदी झाली.

१९१६ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये स्वतंत्र पेन्शन मंत्रालय स्थापन झाले. अपंगत्व टक्क्यांत मोजायचे असे ठरले. त्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून किती क्षमता गेली ते पाहायचे. मूळचा व्यवसाय किंवा पगार विचारात घ्यायचा नाही. दोन अवयव गेले तर शंभर टक्के. वीस टक्क्यांच्या खाली असेल तर पेन्शन नाही, फक्त एकरकमी रक्कम. तुटलेल्या अवयवांसाठी तक्ता होता. मनासाठी तक्ता करता येत नव्हता, म्हणून तिथे वैद्यकीय मंडळाचे मत हेच माप ठरले. ते मत तात्पुरते असे. काही महिन्यांनी पुन्हा मंडळापुढे यायचे, पुन्हा टक्के ठरायचे.

१९२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सुमारे ६५,००० माजी सैनिक ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे मज्जादौर्बल्य या सदराखाली पेन्शन घेत होते आणि त्यांतले सुमारे ९,००० अजून रुग्णालयात उपचार घेत होते. युद्ध संपून दोन वर्षे उलटली तरी ही स्थिती होती. त्याच वर्षीच्या कायद्याने ‘अंतिम निर्णय’ देण्याची सोय झाली आणि नवा दावा करण्याला सात वर्षांची मर्यादा आली. सरकारला हिशेब मिटवायचा होता. सैनिकाच्या बाजूनेही अंतिम निर्णयात एक सोय होती, ती म्हणजे मंडळाच्या वाऱ्या संपत. पण आजार नंतर बळावला तर काय, हा प्रश्न उरे.

जर्मनीचे उत्तर

जर्मनीत वाद अधिक टोकाला गेला. १९१६ साली म्युनिकच्या परिषदेत बहुसंख्य तज्ज्ञांनी ओपेनहाइम यांचे मत झिडकारले. त्यांच्या मते या सैनिकांना आघाताने काही झाले नव्हते. दुर्बल प्रकृती आणि आघाडीवर परत न जाण्याची इच्छा यांतून लक्षणे निर्माण होत होती. युद्धानंतर याच तर्काचे रूप ‘पेन्शनचा आजार’ असे झाले. पेन्शन मिळते म्हणून आजार टिकतो, तेव्हा पेन्शन बंद करणे हाच उपचार, असे मांडले जाऊ लागले. १९२६ साली जर्मन विमा कार्यालयाने असा निर्णय दिला की, आपण आजारी आहोत या कल्पनेमुळे किंवा भरपाईच्या इच्छेमुळे जर कामाची क्षमता गेली असेल, तर आधीचा अपघात हे तिचे खरे कारण मानता येणार नाही. १९३४ मध्ये नाझी सरकारने मानसिक कारणांसाठी मिळणाऱ्या युद्धपेन्शनी आणखी छाटल्या. पुढे त्याच राजवटीने मनोरुग्णालयांतील हजारो रुग्णांना ठार मारले, आणि त्यांत पहिल्या महायुद्धात लढलेले माजी सैनिकही होते.

पेन्शन बंद केली की रुग्ण बरे होतात, असे त्या काळी छातीठोकपणे सांगितले जाई. पुरावा म्हणून दाखवले जात ते कमी झालेले दावे. येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. दावे कमी झाले म्हणजे दाव्यांची नोंद कमी झाली. माणूस यादीतून गेला एवढेच त्यावरून कळते. तो कामावर गेला, भीक मागू लागला की वेड्यांच्या इस्पितळात गेला, हे पाहण्यासाठी त्याच्या मागे कोणी गेले नव्हते.

ब्रिटननेही काही काळ याच दिशेने पाऊल टाकले. १९३९ च्या जुलैमध्ये पेन्शन मंत्रालयाने लॉर्ड हॉर्डर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची बैठक घेतली आणि येणाऱ्या युद्धात, युद्ध चालू असेपर्यंत, मानसिक विकारासाठी पेन्शन द्यायची नाही असे धोरण ठरले. ते फार टिकले नाही. १९४३ मध्ये पुराव्याचा भारच उलटवण्यात आला. सैनिकाचा आजार सेवेमुळे झालेला नाही हे आता सरकारने दाखवायचे होते.

व्हिएतनामनंतर

अमेरिकेत १९४५ च्या अपंगत्व-तक्त्याचे सूत्र ब्रिटनपेक्षा वेगळे होते. तिथे विशिष्ट अपंगत्वामुळे कमाईची क्षमता सरासरीने किती घटते, हा निकष होता. पण मानसिक आघाताला निश्चित नाव नव्हते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९५२ च्या निदानसूचीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला जागा होती, ती १९६८ च्या आवृत्तीत गेली. नेमके त्याच काळात व्हिएतनाममधून सैनिक परतत होते. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे आघातोत्तर ताणविकृती, हे निदान आले. त्याचे संक्षिप्त रूप पीटीएसडी. त्याच वर्षापासून माजी सैनिकांच्या खात्याने त्यासाठी भरपाई देण्यास सुरुवात केली.

मानसिक विकारांसाठी १९९६ मध्ये तिथे ०, १०, ३०, ५०, ७० आणि १०० टक्के अशा पायऱ्या ठरल्या. फेरतपासणीचे नियमही बारकाईने लिहिलेले आहेत. आजार सुधारण्याची शक्यता असेल तर पुन्हा तपासावे; पण पाच वर्षे काही सुधारणा न दिसलेली, कायमची ठरलेली किंवा पंचावन्न वर्षांवरील माणसाची प्रकरणे सहसा पुन्हा उघडू नयेत. ज्या आजारांत मधूनमधून तात्पुरता आराम पडतो, त्यांत केवळ एका तपासणीवरून टक्केवारी उतरवू नये. टिकाऊ सुधारणा दिसली पाहिजे. वीस वर्षे सलग चालू असलेली टक्केवारी, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, कमी करता येत नाही. हे नियम करणाऱ्यांना चढउतार होणारी राशी म्हणजे काय, हे चांगले कळले होते असे दिसते.

२००५ ची खळबळ

तरीही २००५ साली मोठा प्रसंग ओढवला. निमित्त झाले राज्याराज्यांतील तफावतीचे. २००४ मध्ये इलिनॉय राज्यातील माजी सैनिकाला वर्षाला सरासरी ६,९६१ डॉलर भरपाई मिळत होती, तर प्वेर्तो रिकोमध्ये १२,००४ डॉलर. खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. त्यांना दिसले की १९९९ ते २००४ या काळात पीटीएसडीसाठी भरपाई घेणाऱ्यांची संख्या १,२०,२६५ वरून २,१५,८७१ वर गेली होती आणि खर्च १७२ कोटी डॉलरवरून ४२८ कोटी डॉलरवर. त्यांनी २,१०० प्रकरणे तपासली. त्यांपैकी सुमारे पाव प्रकरणांत आघाताच्या मूळ घटनेचा पुरेसा पुरावा फायलीत नव्हता. शंभर टक्के ठरल्यानंतर काही सैनिक उपचाराला येईनासे होतात, असेही ९२ प्रकरणांच्या आधारे सांगण्यात आले.

यावर खात्याने शंभर टक्के भरपाई मिळणारी सुमारे ७२,००० प्रकरणे नव्याने तपासण्याचे जाहीर केले. माजी सैनिकांत घबराट पसरली, काँग्रेसमध्ये आवाज उठला. दरम्यान त्या २,१०० फायली पुन्हा नीट पाहिल्या गेल्या. दोष प्रामुख्याने कागदपत्रे गहाळ असण्याचा, म्हणजे कचेरीचा होता, लबाडीचा नव्हता. १० नोव्हेंबर २००५ रोजी खात्याचे मंत्री जिम निकल्सन यांनी ७२,००० प्रकरणांची तपासणी रद्द केल्याचे जाहीर केले.

यानंतर २००७ साली दोन अहवाल आले. एक ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या वैज्ञानिक संस्थेच्या समितीचा. तिने म्हटले की पीटीएसडीच्या सर्वांना सरसकट ठरावीक काळाने तपासू नये. लक्षणे फुगवून सांगणारे थोडेफार असतील, पण ते बहुसंख्य आहेत असा पुरावा नाही. या एकाच आजाराला वेगळे काढणे म्हणजे त्या सैनिकांवर संशयाचा शिक्का मारणे होय. त्यापेक्षा पहिली तपासणी नीट करावी. ज्या तपासणीला नीट केल्यास तीन तासही लागू शकतात, ती काही ठिकाणी वीस मिनिटांत उरकली जात होती. दुसरा अहवाल काँग्रेसने नेमलेल्या आयोगाचा. त्याने उलट सुचवले की दर दोन-तीन वर्षांनी फेरतपासणी व्हावी, मात्र तिची सांगड उपचार आणि रोजगाराशी घालावी. उपचाराचा गुण येतो की नाही ते त्यातून कळेल. पहिल्या अहवालाला संशयाची भीती होती, तर माणूस पेन्शनवर टाकून विसरला जाईल ही दुसऱ्याची काळजी होती. या दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पीटीएसडीवर परिणामकारक मानसोपचार उपलब्ध आहेत आणि त्यांनी अनेकांना आराम पडतो. अशा आजाराला ‘कायमचा’ म्हणून शिक्का मारणे हाही अन्यायच होऊ शकतो.

मापनाचे तीन धडे

या प्रकरणातून मापनाविषयी तीन गोष्टी वर्गात समजावून सांगता येतात.

पहिली गोष्ट चढउताराची. घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले पुढच्या चाचणीत सरासरीने थोडी वर येतात, कोणी काही शिकवले नाही तरी. कारण त्या दिवशी नशीबही त्यांच्या विरुद्ध होते. सैनिकही प्रकृती सर्वांत वाईट असताना दावा करतो. नंतरच्या तपासणीत तो थोडा बरा दिसला तर ती सुधारणाच असेल असे नाही. दावा चालू असताना उपचाराच्या फेऱ्या जास्त आणि नंतर कमी, या निरीक्षणालाही हेच लागू पडते. शिवाय त्या ९२ प्रकरणांसोबत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

दुसरी गोष्ट चुकांच्या दोन प्रकारांची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००० पेन्शनधारकांपैकी ९५० खरे आजारी आहेत आणि ५० नाहीत. तपासणी दोन्ही प्रकारच्या माणसांत ९० टक्के वेळा बरोबर ठरते. मग ५० पैकी ४५ जण पकडले जातील. पण ९५० खऱ्या रुग्णांपैकी ९५ जणही चुकून अपात्र ठरतील. म्हणजे एका अपात्र माणसामागे दोन खऱ्या रुग्णांची पेन्शन जाईल. तपासणी वाईट नाही. ९० टक्के अचूकता ऐकायला चांगलीच वाटते. पण ज्याचा शोध घ्यायचा तो दुर्मीळ असला की चांगली चाळणीही अशी फसते.

तिसरी गोष्ट अशी की मोजण्याची क्रिया मोजायच्या वस्तूवर परिणाम करते. आपली भाकरी या तासावर अवलंबून आहे हे माहीत असलेला माणूस मोकळेपणाने ‘आता बरे वाटते’ म्हणणार नाही. दुसरीकडे, तोच भीषण प्रसंग अनोळखी डॉक्टरला पुन्हा सांगावा लागल्याने खरा रुग्ण अधिक बिघडू शकतो. दोन्ही परिणाम आकडा वाढवण्याकडे झुकतात.

मग सैनिकांच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा? यावर २००५ आणि २००६ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात उपचारासाठी आलेल्या, व्हिएतनाममध्ये लढल्याचे सांगणाऱ्या १०० जणांचे लष्करी दप्तर पाहिले गेले. प्रत्यक्ष लढाईत असल्याचा स्पष्ट पुरावा ४१ जणांच्या दप्तरात होता. दुसरा अभ्यास ब्रूस डोरेनवेंड आणि सहकाऱ्यांचा, ‘सायन्स’मधला. १९८८ च्या राष्ट्रीय पाहणीत व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांपैकी ३०.९ टक्क्यांना कधी ना कधी पीटीएसडी झाल्याचा अंदाज होता. लष्करी नोंदींशी ताडून आणि अधिक कडक निकष लावून तो १८.७ टक्क्यांवर आला. मात्र खोटे सांगितल्याचा पुरावा त्यांना फारसा सापडला नाही. आकडा खाली आला तो मुख्यतः विकाराची व्याख्या कडक केल्याने. दप्तरात नोंद नसणे आणि घटना घडलेली नसणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे येथे लक्षात ठेवावे.

काळाने जखम भरते काय, याचेही काहीसे उत्तर मिळाले. युद्धानंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्याच पाहणीतील माणसांना पुन्हा भेटून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांची स्थिती फारशी बदललेली नव्हती. पण ज्यांच्यात मोठा बदल झाला, त्यांत लक्षणे वाढलेले पुरुष १६ टक्के होते आणि कमी झालेले ७.६ टक्के. म्हणजे बिघडलेले सुधारलेल्यांच्या दुप्पट. फेरतपासणी नेहमी उतरत्या आकड्यासाठीच करायची, हे गृहीत या निष्कर्षाने डळमळीत होते.

नियम कागदावर चांगले असून भागत नाही, हेही दिसले. २०१८ मध्ये त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी मार्च ते ऑगस्ट २०१७ मधील सर्व प्रकारच्या अपंगत्वाच्या फेरतपासण्या पाहिल्या. अंदाजे ५३,५०० पैकी १९,८०० प्रकरणांत, म्हणजे ३७ टक्के प्रकरणांत, माणसाला विनाकारण बोलावले गेले होते. त्या सहा महिन्यांत अनावश्यक तपासण्यांवर सुमारे एक कोटी डॉलर गेले.

आपल्याकडे

भारतीय सेनेतही अपंगत्व पेन्शनसाठी ठरावीक वर्षांनी पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जावे लागे. ‘रीसर्व्हे मेडिकल बोर्ड’ हा शब्द जुन्या पेन्शनरांच्या घरी आजही ऐकू येतो. म्हातारा सुभेदार गावाहून एसटीने निघून लष्करी रुग्णालयात जायचा आणि टक्के टिकतील की नाही या काळजीत परतायचा. पाचव्या वेतन आयोगानंतर, २००१ च्या आदेशाने, ही नियतकालिक मंडळे बंद झाली. कायमस्वरूपी ठरलेल्या अपंगत्वाचा निर्णय आयुष्यभरासाठी अंतिम, स्वतः पेन्शनरानेच मागणी केली तर गोष्ट वेगळी. आणि कायमस्वरूपी नसलेल्यासाठी फक्त एक फेरतपासणी, असे ठरले. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे मानावे, आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. ब्रिटनमध्ये १९४३ साली झालेल्या बदलाशी याचे नाते सहज दिसते. २०२३ मध्ये या पेन्शनींसाठी नवे नियम आले आणि त्यांवरही चर्चा झाली.

सातारा जिल्ह्यातील ‘अपशिंगे मिलिटरी’सारख्या गावांत घरटी सैनिक आहेत, आणि सातारा-कोल्हापूरच्या अनेक शाळांत फौजी घरांतली मुले शिकतात. ‘आबा कोणाशी बोलत नाहीत’, ‘फटाके लावले की आजोबा चिडतात’ असे एखादे मूल सांगते तेव्हा शिक्षकाने निदान करू नये, ते डॉक्टरांचे काम. पण तो स्वभावाचा दोष नसून उपचार करता येण्याजोगी इजा असू शकते, एवढे त्या मुलाला सांगता येते. घरच्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाची वाट दाखवता येते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना १,००० पेन्शनधारकांचे उदाहरण अचूकता बदलून सोडवायला द्यावे. ९५० खरे रुग्ण आणि ५० इतर असताना, चुकून अपात्र ठरणारे खरे रुग्ण पकडल्या जाणाऱ्या अपात्रांपेक्षा कमी व्हायला तपासणी किती टक्के अचूक हवी? उत्तर ९५ टक्क्यांच्या वर येते. एखाद्याच्या मनाविषयी एका तासाच्या मुलाखतीत इतकी अचूकता कशी मिळवायची, आणि ती मिळत नसेल तर चूक कोणत्या बाजूला झालेली चालेल, यावर मग चर्चा घ्यावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी शोधायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर समाजाने द्यायचे असते, आणि आजच्या वर्गातली मुले उद्या तो समाज असणार आहेत.